‘नळीला विचार’ म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सा. न.

शनिवारी सकाळी सव्वासातला हरणाची मादी पडली. ५५ यार्ड, एकच गोळी. फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं आणि पुढे मला बोलता आलं नाही. तुम्ही फक्त "बरं झालं, आता हात धुऊन चहा घे" म्हणालात आणि फोन ठेवलात. जे सांगायचं राहिलं ते लिहून काढते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. गुळगुळीत नळीची शॉटगन घेऊन हरणाच्या हंगामाला उभे राहणारे आपल्यातले आणखी काही जण आहेत आणि मी केलेली चूक त्यांच्यापैकी कुणीतरी याच आठवड्यात करत असेल.

गेल्या वर्षीचं तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण त्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. नर ७० यार्डांवर आडवा उभा होता. मी चाप ओढला, तो दचकला, मागचा पाय ओढत झाडीत गेला. पानांवर रक्ताचे चार थेंब, मग दोन, मग काहीच नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सापडला नाही. त्या रात्री बंदूक पुसताना मी ठरवलं होतं की ही पुन्हा हातात घ्यायची नाही.

दोन महिन्यांनी नेमबाजीच्या रेंजवर तुम्ही भेटलात. मी बंदूक विकायची म्हणून घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत, "कोणता स्लग वापरलास?" स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी शॉटगनमधून सुटणारी एकच मोठी गोळी. मी खोका दाखवला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचलीत आणि म्हणालात, "अगं, हा तुझ्या नळीचा नाहीच."

त्या एका वाक्यासाठीच खरं तर हे सगळे आभार आहेत.

घोळ नावातच आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात एका बाजूला ‘रायफल्ड स्लग’ लिहिलेली स्वस्त खोकी होती आणि दुसऱ्या बाजूला महाग सॅबो स्लग. माझी नळी तर गुळगुळीत, आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, नाहीत, मग ‘रायफल्ड’ लिहिलेलं माझ्या काय कामाचं, असा सरळ हिशोब मी केला. विक्रेताही म्हणाला, सर्वांत अचूक हवं असेल तर सॅबोच. प्रत्यक्षात उलटं आहे. ‘रायफल्ड स्लग’मध्ये आटे गोळीच्या अंगावर असतात आणि तो गुळगुळीत नळीसाठीच बनलेला असतो. सॅबो म्हणजे बारीक गोळी आणि तिच्याभोवती प्लास्टिकचं वेष्टण. ते वेष्टण नळीतले आटे पकडतं, गोळीला फिरकी देतं आणि बाहेर पडल्यावर गळून जातं. आटेच नसले तर फिरकी नाही, आणि फिरकी नसली तर ती गोळी हवेत कोलांट्या खात जाते. तुम्ही मला माझ्याच खोक्यातल्या तीन गोळ्या ५० यार्डांवर कागदावर मारायला लावल्यात. दोन कागदाला लागल्याच नाहीत. तिसरीचं भोक गोल नव्हतं, लांबुडकं होतं. गोळी आडवी होऊन शिरली होती. त्या लांबुडक्या भोकाकडे बघताना मला गेल्या वर्षीचा नर दिसला आणि मी तिथेच बाकावर बसून रडले. तुम्ही काही बोलला नाहीत. थोड्या वेळाने म्हणालात, "रायफल घेऊन हा प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर घे. पण ही बंदूक वाईट नाही. हिला अजून कुणी विचारलेलंच नाही."

रायफल घेण्याचा सल्ला बाकी सगळ्यांनी दिला होता. पूर्वी अमेरिकेच्या सपाट, वस्ती असलेल्या बऱ्याच भागांत हरणासाठी शॉटगनच चालायची. मग ओहायोत २०१४ पासून, आयोवात २०१७ पासून सरळ काडतुसांच्या (तोंडाकडे मान आवळलेली नसते अशा) काही रायफली चालू लागल्या, आणि पुष्कळांनी शॉटगनी कपाटात ठेवल्या. आटे असलेली वेगळी नळी घेऊन सॅबो वापरणं हाही एक चांगला मार्ग आहे, हे तुम्हीच सांगितलंत. पण माझ्याकडे जे होतं तेच नीट समजून घ्यावं हा तुमचा आग्रह मला पटला.

मग तुम्ही दोन गोळ्या कापून दाखवल्यात. एक फॉस्टर पद्धतीची. कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये केलेली, शिंप्याच्या टोपणासारखी मागून पोकळ. सगळं वजन पुढे, म्हणून बॅडमिंटनचं फूल जसं नेहमी बुडाकडून पुढे जातं तशी ती फिरकीशिवाय सरळ जाते. तिच्या अंगावरचे तिरके आटे फिरकीसाठी असतात असं मी धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, फिरकी नावापुरतीच. त्या पातळ पट्ट्यांचा खरा उपयोग असा की चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेल्या भागातून, जाताना मऊ शिसं तिथे दबतं आणि गोळी सुखरूप बाहेर पडते. दुसरी गोळी ब्रेनेके पद्धतीची. विल्हेल्म ब्रेनेके या जर्मन माणसाची, १८९८ सालची. ती भरीव असते, पण मागचा वॅड, म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामधलं बूच, तिला घट्ट जोडलेला असतो आणि लक्ष्यापर्यंत सोबत जातो, बाणाच्या पिसांचं काम करतो. दोन्हींचं तत्त्व एकच: जड डोकं, हलकी शेपटी. माझ्यासारख्या १२ गेजच्या (गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप) नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, पण प्रत्येक कंपनीची, कधी कधी प्रत्येक बंदुकीची नळी केसभर इकडे-तिकडे. गोळी सैल बसली की निघतानाच तिरकी होते. म्हणून शेजाऱ्याच्या बंदुकीत जी गोळी एका जागी बसते ती माझ्यात विखुरते. "खोक्यावरचं वाचू नकोस, नळीला विचार," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

विचारण्याची तुमची पद्धत मला आधी कंटाळवाणी वाटली होती, हे कबूल करते. पाच वेगवेगळी खोकी. वाळूच्या पिशवीवर बंदूक. एका प्रकारच्या तीनच गोळ्या, मग नळी थंड होईपर्यंत थांबायचं, ब्रशने शिसं काढायचं, नवा कागद लावायचा. त्याआधी चोक बदललात. माझ्या नळीला फुल चोक होता, तुम्ही इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे जवळजवळ उघडा चोक, बसवलात. छर्रे एकत्र ठेवायला आवळलेला चोक चांगला, पण स्लगला मोकळी वाट लागते, त्यामुळे सुरुवात उघड्या चोकपासून करायची. आणि नळी हातात धरून हलवलीत तेव्हा टक् टक् आवाज आला. नळी जागेवर धरून ठेवणारी मॅगझिनची टोपी सैल होती! गेला अख्खा हंगाम मी हलणाऱ्या नळीने नेम धरत होते. ती टोपी हाताने आवळायला दहा सेकंद लागले.

निकाल मला अजून पाठ आहेत. सर्वांत जोरकस तीन इंची मॅग्नम काडतूस, ज्याच्यावर माझी सगळी भिस्त होती, त्याने ५० यार्डांवर ९ इंचांचा ग्रुप दिला, म्हणजे तीन भोकं एकमेकांपासून तेवढी लांब पडली. एका फॉस्टरने ७, ब्रेनेके पद्धतीच्या गोळीने साडेचार. आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही पुढे केलेलं, मी ज्याला मनातल्या मनात बायकांचं काडतूस म्हणत होते ते, कमी धक्क्याचं एक औंसाचं फेडरल ट्रूबॉल, त्याने साडेतीन. त्यात गोळीच्या पोकळीत प्लास्टिकचा एक छोटा गोळा बसवलेला असतो, तो गोळीला नळीच्या मधोमध ठेवतो. माझ्या नळीला ते आवडलं. दुसऱ्या कुणाच्या नळीला नाही आवडणार, म्हणून माझं उत्तर वाचून कुणी खोकी घेऊन येऊ नये. प्रश्न घेऊन जा.

पण त्या साडेतीन इंचांत सगळं श्रेय गोळीचं नव्हतं, हे तुम्ही मला पुढच्या रविवारी दाखवलंत. काडतुसं तुम्ही भरत होता, मला पाठ करून उभं केलं होतं. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि आवाज आलाच नाही. डमी काडतूस होतं. आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलेलं मी स्वतः बघितलं. धक्का बसायच्या आधीच मी त्याला भीत होते, खांद्याने ढकलत होते. कागदावर जे ९ इंच पडले होते त्यातले निम्मे बहुधा माझ्या भीतीचे होते. मला कुणी सांगितलं असतं की तू घाबरतेस, तर मी भांडले असते. तुम्ही सांगितलं नाहीत, बघू दिलंत. या कामात माझ्याशी इतक्या आदराने याआधी कुणी वागलं नव्हतं.

म्हणून कमी वेगाचं काडतूस. नेहमीचा एक औंसाचा स्लग सेकंदाला १,६०० फुटांच्या आसपास निघतो, हा १,३०० ने. मला काळजी वाटली की हरणाला पुरेल का. तुम्ही म्हणालात, नेहमीचा जोरकस स्लगसुद्धा १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत हजाराच्या आसपास आलेला असतो, तरी पाव इंच नाही, पाऊण इंच रुंदीचं शिसं आहे ते. योग्य जागी लागलं तर पुरतं, चुकीच्या जागी कितीही वेग कमी पडतो.

माशीचं, म्हणजे नेम धरायच्या नळीच्या टोकावरच्या मण्याचं, मात्र माझं शेवटपर्यंत जमलं नाही. छर्ऱ्यांच्या बंदुकीला पुढे एकच माशी असते, मागे फट नाही, म्हणजे आपला डोळा हीच मागची फट. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला नाही तर गोळी वर-खाली होणारच. मी डोकं उचलत होते, गोळ्या वर जात होत्या. शेवटी तुम्ही तुमचा जुना रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी नेमाची दुर्बीण, काढून माझ्या बंदुकीवर बसवलात. तो परत करायचा आहे, विसरलेले नाही.

५० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी आणली. १०० वर मारून बघितलं तर गोळी चांगली वीतभर खाली, आणि ग्रुप ताटाएवढा. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण ८ इंचांचा गोल धरतात. तेव्हा तुम्ही मला खडूने लिहायला लावलंत: ७०. त्यापुढे चाप ओढायचा नाही. मग एकाच लॉट नंबरची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, पाच खोकी घेऊन ठेवायला सांगितलीत, म्हणजे कागदावर मारलेली आणि जंगलात मारायची गोळी एकच राहील.

शनिवारच्या आधी, गुरुवारी संध्याकाळी, एक मोठा नर आला होता. हे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही. मचाणावरून मोजला, ९५ यार्ड. पाच मिनिटं तो तिथे चरत होता आणि माझा अंगठा सेफ्टीवर होता. मी बंदूक मांडीवर ठेवली आणि बघत बसले. इतका वेळ हरीण इतकं शांतपणे मी कधी बघितलं नव्हतं. त्याच्या मागे टेकाडाचा आडोसाही नव्हता, मोकळं शेत होतं. तुम्ही सांगितलेलं आठवलं, की जमिनीला घासून उसळलेला स्लग कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं.

आणि मग शनिवारी ती मादी. मागे मातीचा चढ, आडवी उभी, पुढचा पाय एक पाऊल पुढे. डॉट खांद्यामागे ठेवला, आणि चाप कधी सुटला ते मला कळलंच नाही. तुम्ही म्हणायचात तसंच. ती ४० पावलं गेली आणि बसली. मी घड्याळ लावून अर्धा तास मचाणावरच थांबले, पाय थरथरत होते. जवळ गेले तेव्हा डोळे मिटलेले नव्हते, पण श्वास केव्हाच थांबला होता. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसले.

त्या नराचं ओझं यामुळे उतरलं असं नाही. पण आता मला ठाऊक आहे की तो माझ्या हातून का सुटला, आणि तेच पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं तेही ठाऊक आहे. हे दोन्ही तुमच्यामुळे. दहा रविवार तुम्ही माझ्यासाठी थंडीत उभे राहिलात, गुडघा दुखत असताना कागद लावायला स्वतः चालत गेलात, आणि एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाहीत.

सोबत तो साडेतीन इंचांचा कागद पाठवते आहे. तुमच्याकडेच राहू द्या. खोक्यांपैकी आता दीडच उरलं आहे आणि दुकानात मिळतंय ते वेगळ्या लॉटचं. म्हणजे पुन्हा कागदावर बसावं लागणार. हंगाम संपल्यावरचा पहिला रविवार तुम्हाला जमेल का? थर्मासमधला चहा मी आणते, कागदही या वेळी मीच लावीन.

तुमची,
रेंजवर बंदूक विकायला आलेली