लोकर इथली, डॉलर तिकडचा

किचनर, ओंटारिओ
२८ जून

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती आहे ते आधी कळवा. अभ्याला विचारलं की तो "काही नाही गं" म्हणतो, आणि त्याचं "काही नाही" २०१९ च्या पुरात आपण सगळ्यांनी पाहिलंय.

रविवारी फोनवर लोकरीच्या बिलाचा विषय निघाला तेव्हा आई स्पीकरवर, मागे टीव्ही, मधेच कुकरची शिट्टी. मी आकडे सांगत होते आणि तुम्हाला ऐकू येत होतं "एकशे चाळीस" आणि "एकशे अठ्ठ्याण्णव". मग तुम्ही तुमच्या कॅश काउंटरवरच्या आवाजात म्हणालात, "कागदावर मांडून पाठव." म्हणून हे पत्र. चार आण्यांचा फरक सापडेना म्हणून तुम्ही बँकेत रात्री नऊपर्यंत बसायचात, आई ताट झाकून ठेवायची. माझा फरक ५८ डॉलरचा होता, तेव्हा मी बसले त्यात नवल नाही.

आईनेच सांगितलं होतं ना, सप्टेंबरात येईन तेव्हा लोकर घरात तयार पाहिजे, आणि बाळाला ती प्लॅस्टिकची लोकर नको, अंगाला टोचते. म्हणून मी खरी मेंढीची लोकर शोधली. इथून अर्ध्या तासावर एक बाई घरीच लोकर रंगवते आणि स्वतःच्या वेबसाइटवर विकते. त्या बाजूला मेनोनाइट, म्हणजे जुन्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेतं आहेत. बाबा, तुम्ही आला होतात तेव्हा रस्त्याने काळ्या घोडागाड्या बघून थांबला होतात, तोच भाग. शेताच्या फाटकाशी अंड्यांचे खोके मांडलेले असतात आणि शेजारी पत्र्याचा डबा. अंडी उचलायची, डब्यात नाणी टाकायची, बघायलाही कुणी नसतं. ही लोकरवाली त्यांचीच शेजारीण म्हणायला हरकत नाही.

चार लड्या घेतल्या, दोन क्रीम आणि दोन फिकट पिस्ता. एक लडी २८ ला. टपालखर्च १२. त्यावर इथला विक्रीकर, ओंटारिओत तो १३ टक्के असतो. बेरीज १४०.१२. पुढे डॉलरचं चिन्ह. मी म्हटलं महाग आहे, पण बाळासाठी आहे, आणि बटण दाबलं.

आठवड्याने कार्डाच्या हिशेबात आले १९८.२०.

आधी मला वाटलं कुणीतरी कार्ड चोरलं. मग बारीक अक्षरात दिसलं की १४०.१२ हे अमेरिकी डॉलर होते. मुळात घोळ असा की दोन्ही देशांचं चिन्ह एकच, नागमोडीला उभी रेघ. इथला डॉलर २०२५ च्या जूनमध्ये आपल्या ६२-६३ रुपयांचा होता आणि अमेरिकेचा ८५-८६ चा. वेबसाइटवर पैसे भरायच्या पानाच्या अगदी तळाशी 'यूएसडी' ही तीन अक्षरं होती. होती, खोटं कशाला बोलू. पण पत्ता ओंटारिओचा, कर ओंटारिओचा, टपाल कॅनडाचं, मग पैसे तेवढे परक्या देशाचे असतील हे कुणाच्या मनात येईल?

आता तुमच्या आवडीचा भाग. हिशेबात एका अमेरिकी डॉलरला इथल्या डॉलरचा दर लिहिला होता १.४१४५. कार्ड कंपन्यांच्या साइटवर कुठल्याही दिवसाचा त्यांचा दर बघता येतो. त्या दिवसाचा होता १.३८. मग हे वरचे साडेतीन पैसे आले कुठून? मी १.४१४५ ला १.३८ ने भागलं, बरोबर १.०२५ आलं. अडीच टक्के. इथल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला ही अडीच टक्क्यांची फी असते, आणि माझ्या बँकेने ती वेगळ्या ओळीत न दाखवता दरातच मुरवली होती. रक्कम करून पाहिली: खऱ्या दराने १९३.३७, त्यावर फी ४.८३, मिळून १९८.२०. ताळा जुळला तेव्हा राग बाजूला राहिला आणि उगाच बरं वाटलं. हे तुमच्याकडूनच आलंय.

तुम्ही म्हणाल, पावणेपाच डॉलरसाठी एवढं रामायण? तर नाही. ५८ मधले ५३ मी माझ्या डोळ्यांच्या चुकीमुळे दिले. ४.८३ मात्र बँकेला कशाबद्दल दिले? मी सीमा ओलांडली नाही, लोकरीनेही ओलांडली नाही. ती लोकर माझ्या गाडीच्या अर्ध्या टाकीइतकंही पेट्रोल न जाळता पोचली.

मग मी त्या बाईंना फोन केला. भांडायलाच केला होता, पण बाई गोड निघाल्या. म्हणाल्या, माझं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक अमेरिकेतलं. तिथल्या माणसाला २८ च्या जागी ३८.६४ दिसलं की तो पुढे वाचतच नाही, दुकान महाग म्हणून निघून जातो. शिवाय कच्ची लोकर त्या घेतात तीही अमेरिकी डॉलरमध्ये, त्यामुळे आलेले डॉलर तसेच खात्यात ठेवतात आणि तिथूनच फेडतात. बदलायला गेलं की त्यांनाही बट्टा बसतो. सगळं पटण्यासारखं. आणि एक गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती: माझे ४.८३ त्यांना दिसतच नाहीत. त्यांच्या खात्यावर १४०.१२ पूर्ण जमा. गिऱ्हाईक का कुरकुरतंय ते त्यांना कळणार कुठून? मी सांगितलं तर म्हणाल्या, तुम्ही पहिल्याच.

इथल्या माणसांना याची सवय झालेली आहे हे खरं. ऑफिसात म्हाताऱ्या सहकाऱ्याला विचारलं तर हसला. म्हणाला, २००७ साली दोन्ही डॉलर बरोबरीला आले होते तेव्हा कुणी बघतच नव्हतं कुठला कुठला ते. तुमच्या जावयाकडे, मंदारकडे, एक कार्ड आहे ज्याला ही फी लागत नाही. ते वापरायचं सुचलं नाही ही माझी चूक, आणि ती तो रोज एकदा तरी आठवून देतो.

खरी गंमत पुढे. पिस्ता रंग म्हणून जे आलं ते आपल्याकडच्या ओल्या मेंदीसारखं. बाळाला कोण घालेल! दोन लड्या परत केल्या. बाईंनी एक शब्द न काढता करासकट ६३.२८ परत पाठवले. पण मधल्या तीन आठवड्यांत दर १.३७ वर आला होता, आणि परतीच्या पैशातूनही बँकेने आपले अडीच टक्के कापले. म्हणजे १.३३५७५. हाती आले ८४.५३. त्याच दोन लड्यांना मी दिले होते ८९.५१. लोकर परत, बाई खूश, आणि माझे पाच डॉलर, म्हणजे तीनशे रुपये, येता-जाता दोन्हीकडून गळले. बाबा, तुम्ही कापडवाल्यांबद्दल म्हणता ना, मोजताना एकदा आणि फाडताना एकदा मारतात. तसंच.

ही पाळी मी पुण्यातही स्वतःवर आणली होती, आठवतं? लक्ष्मी रोडवर एका दुकानात आईची साडी घेतली, कार्ड लावलं तर मशीनने विचारलं, रुपये की कॅनडाचे डॉलर. मी मोठ्या दिमाखात डॉलर दाबलं, म्हटलं आपलं ते आपलं. तुम्ही मागून म्हणालात, "अगं, साडी रुपयाची आहे ना?" तुमचंच बरोबर होतं. तो डॉलरचा दर मशीनवाल्यांचा स्वतःचा असतो आणि त्यात त्यांचा नफा आधीच घातलेला असतो. माल ज्या देशात घ्यायचा त्याच देशाच्या पैशाचं बटण दाबायचं. मंदारला हे माहीत होतं. त्याने त्या दिवशी सांगितलं नाही.

आता अभ्याचं. बाबा, हे त्याला वाचून दाखवा, कारण मी पाठवलेले मेसेज तो निळे करून सोडून देतो. बेदाणे आणि हळद विकायची साइट त्याने छान केली आहे, फोटोही झकास. पण सगळ्या किमती डॉलरमध्ये का टाकल्यात? म्हणतो, भारी दिसतं. अरे, पुण्याच्या माणसाने सांगलीची हळद घ्यायची आणि डॉलर मोजायचे? आपल्याकडच्या बहुतेक क्रेडिट कार्डांना परकीय चलनाला साडेतीन टक्के लागतात, वर त्या साडेतीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३. हजार रुपयांच्या हळदीमागे ४१ रुपये ३० पैसे बँकेचे. तेवढ्यात शेवग्याच्या शेंगांची जुडी येते.

आणि आपल्याकडे हा दरवाजा बंदच केलेला आहे. बाबांना आठवत असेल, ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेलं पत्रक. टॅक्सीचं एक परदेशी ॲप मुंबई-दिल्लीतल्या भाड्याचे पैसे परदेशातल्या गेटवेवरून फिरवून घ्यायचं, त्यामुळे ओटीपीही लागायचा नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितलं, भारतातलं कार्ड, भारतातला माल किंवा सेवा, तर व्यवहार भारतातल्या बँकेतून आणि रुपयातच. ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. तेव्हा मला ती लुडबुड वाटली होती. ओटीपी येईपर्यंत टॅक्सीवाला निघून जायचा! इथे तसा नियम नाही, दुकानदाराने कुठल्याही देशाच्या पैशात भाव सांगावा. लोकरीचं बिल भरल्यावर आता त्या पत्रकाबद्दल माझं मत जरा मवाळ झालंय.

तर अभ्या, भारतातल्या गिऱ्हाइकाला रुपये. बाहेरच्याला हवं तर त्याचं चलन दाखव, पण नुसतं ते नागमोडी चिन्ह टाकू नकोस. सिडनीचा मावसभाऊ त्याचा डॉलर समजेल, मी माझा, आणि दोघंही तुला शिव्या घालू. किमतीच्या शेजारीच, त्याच आकारात, 'यूएसडी' किंवा 'सीएडी' लिही. तळाशी नाही.

त्या बाईंशी शेवटी काय ठरलं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वेळी मी वेबसाइटवरून घ्यायचंच नाही. फोन करायचा, त्या त्या दिवसाच्या दराने कॅनडाच्या डॉलरमध्ये आकडा सांगणार, मी इंटरॅकने पैसे पाठवणार. इंटरॅक म्हणजे आपल्या यूपीआयसारखं, फक्त जरा बैलगाडीच्या चालीने; ईमेलवर निरोप जातो आणि मग पैसे उतरतात. लोकर आणायला स्वतः गेले तर टपालाचे १२ ही वाचतात. येताना फाटकावरची अंडीही घेता येतील. काल गेले होते. बाईंनी मेंदी रंगाच्या जागी बदामी रंगाच्या दोन लड्या काढून ठेवल्या होत्या, ७७ डॉलर अधिक कर, इथले डॉलर. पाकिटावर त्यांनी पेनाने मोठ्या अक्षरात 'सीएडी' लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आई, प्रत्येक लडी शंभर ग्रॅमची आहे. दोन क्रीम, दोन बदामी. टोपडं, मोजे आणि एक स्वेटर होईल ना? की कुंचीला अजून लागेल? लवकर सांग, म्हणजे याच वेळी रंगवलेल्या लोकरीतली मिळेल. नंतर केलेला रंग तंतोतंत जुळत नाही म्हणतात.

तब्येत बरी आहे. सकाळची मळमळ थांबली. डॉक्टर पुढच्या महिन्यात परत बोलावणार आहेत.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, १४०.१२ गुणिले १.४१४५ तुम्ही हाताने करून बघाच. मला १९८.१९९७ येतं. ते तीन दशसहस्रांश बँकेने घेतले.