ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढण्याच्या स्पर्धेवरचा लेख वाचला. वाचून आनंद झाला, कारण हा विषय मराठीत कुणी काढेल असं वाटलं नव्हतं. पण ‘पेट्रोलचं ऑक्टेन जितकं जास्त तितकी ट्रॅक्टरला ताकद जास्त, म्हणून तिथले हौशी शेतकरी विमानाचं पेट्रोल वापरतात’ हे वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून कागद पुढे ओढला. अडतीस वर्षं इंजिनं उतरवून बांधली आहेत. हा गैरसमज आमच्या गॅरेजातही रोज यायचा, तिथं अमेरिकेत आयोवा राज्यातही भेटला.

लेक आणि जावई आयोवात असतात. मागच्या उन्हाळ्यात पाच महिने त्यांच्याकडे होतो. शेजारी ऐंशीच्या घरातला एक शेतकरी, त्याच्याकडे 1947 सालचा ‘फारमॉल एम’ ट्रॅक्टर. म्हातारबांना मराठी येत नाही आणि माझं इंग्रजी स्पेअर पार्टच्या यादीपुरतं. तरी आमचं जमलं. पाना हातात घेतला की भाषा लागत नाही.

फारमॉल म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. महिंद्रांनी 1963 साली याच कंपनीबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर काढायचं ठरवलं आणि त्यातून आपला बी-275 आला. आमच्या भागात त्याला अजून ‘इंटरनॅशनल’ म्हणणारे आहेत. त्यामुळे एमचं नाक पाहिल्यावर मला गावाकडचा कुणीतरी भेटल्यासारखं झालं. आपला बी-275 डिझेलवर, म्हातारबांचा एम पेट्रोलवर, एवढं सोडा.

स्पर्धा कशी असते ते लेखात बरोबर आलंय. मागे जोडलेल्या गाडीवरचं वजन ट्रॅक्टर पुढे जाईल तसं पुढे सरकतं, ओढ वाढत जाते, आणि 300 फूट गेला तर पूर्ण ओढ. जुन्या ट्रॅक्टरांच्या वर्गात वजन आणि वेग बांधून दिलेले असतात. म्हणून सगळ्यांचं डोकं इंजिनात शिरतं.

आता मुद्द्याचं. हे ट्रॅक्टर निघाले तेव्हा शेतकऱ्याला पेट्रोल महाग होतं. रॉकेल आणि त्याच्या जवळचं डिस्टिलेट नावाचं स्वस्त तेल मिळायचं. जॉन डिअरच्या दोन सिलिंडरच्या जुन्या ‘ए’ मॉडेलला पेट्रोलची एक छोटी टाकी असायची. त्यावर चालू करायचा, इंजिन चांगलं तापलं की मोठ्या टाकीवर घ्यायचा. आपल्याकडे विहिरीवर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे पंप ज्यांनी ओढलेत त्यांना हे सांगायला नको. रॉकेलचं ऑक्टेन फार कमी. त्याला जास्त दाबलं की ठिणगीनं लागलेली आग पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. म्हणून ही इंजिनं मुद्दाम कमी कॉम्प्रेशनची ठेवलेली. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. एमचं पेट्रोलवालं इंजिनसुद्धा साडेपाच-पावणेसहाला एक एवढंच. आजची साधी मोटारसायकलही नऊच्या पुढे असते.

तर ऑक्टेन म्हणजे काय, तर न ठोकता किती दाब सोसेल याचा आकडा. त्यात ताकद भरलेली नसते. ठोकतच नसलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेन देणं म्हणजे ताप नसलेल्याला गोळी देणं. उलट ज्याला हवं त्याला नाही दिलं तर काय होतं तेही पाहिलंय. पूर्वी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून चालवलेल्या रिक्षा आमच्याकडे यायच्या. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं की पिस्टनचा माथा उंदरानं कुरतडल्यासारखा.

म्हातारबांचा पुतण्या मोठा उत्साही. त्यानं एमचं हेड अडीच मिलिमीटर घासून घेतलं होतं, म्हणजे एक सूतही (इंचाचा आठवा भाग) पुरतं नाही. आणि सगळ्यांना सांगायचा, आता दहाचं कॉम्प्रेशन झालंय. त्याच भरवशावर जवळच्या धावपट्टीवरून विमानाचं निळं पेट्रोल आणायचा, साध्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजून. ट्रॅक्टर मात्र काही केल्या 230 फुटांच्या पुढे जाईना.

मी म्हटलं, मोजूया. हेड पुन्हा उतरवलं, उलटं ठेवलं, प्लग बसवलेला ठेवला, वर भोक पाडलेली काचेसारखी प्लॅस्टिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवली. थेंब मोजून सोडायची ब्युरेट कुठली असणार तिथं? नातवाच्या औषधाची 10 मिलीची सिरिंज घेतली आणि हेडच्या पोकळीत पातळ तेल मोजत मोजत सोडलं. लेक कागदावर रेघा मारत होती. गॅस्केटची जाडी धरून सगळी जागा 200 सीसीच्या आसपास भरली. एमचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, पावणेचार इंचाच्या वर एक सूत, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, सव्वापाच इंच, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन व्यापतो ती जागा साधारण 1,015 सीसी. 1,015 आणि 200 मिळून 1,215, त्याला 200 नं भागा. सहाच्या जरा वर! पुतण्यानं कागद दोनदा उलटून पाहिला. एवढ्या रुंद सिलिंडरवर अडीच मिलिमीटर घासून फार तर 19 सीसी कमी होतात. दहा गाठायचे तर 113 सीसीच ठेवायला हवेत, आणि ते नुसत्या घासण्यानं होणार नाही, हेडच संपेल. त्यासाठी वर उंचवटा असलेले पिस्टन लागतात. डोंगराळ मुलखातल्या विरळ हवेसाठी कंपनी स्वतःच 5,000 आणि 8,000 फूट उंचीसाठीचे पिस्टन द्यायची. आयोवाच्या सपाट जमिनीवर तेच बसवले की कॉम्प्रेशन आपोआप वाढतं. जुने खेळाडू ते शोधत फिरतात, ते याचसाठी.

मग ट्रॅक्टर मागे का पडत होता? हेड उतरवण्याआधी मी सिलिंडरमधला दाब मोजायचं गेज लावून घेतलं होतं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर फिरवला. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या सिलिंडरला 112 ते 118 पौंड. तिसऱ्याला 78. त्यात चमचाभर तेल टाकून परत घेतलं, 82. तेलानं आकडा वर उसळला असता तर रिंगा गेल्या म्हणायचं. इथं फरक नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. हेड काढल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी जळलेली खाच दिसली. चार माणसांच्या खांद्यावरच्या पालखीत एक जण नुसता हात लावून चालत होता, आणि हे वर महागडं पेट्रोल ओतत होते. व्हॉल्व्ह नवा घातला, सीट घासून घेतली, ठिणगीचा टायमिंग जागेवर आणला आणि टाकीत पंपावरचं साधं पेट्रोल. पुढच्या शनिवारी 268 फूट. बक्षीस नाही मिळालं. म्हातारबांनी मात्र त्या रात्री मक्याची कणसं भाजून खायला घातली.

याचा अर्थ चांगलं इंधन कधीच लागत नाही असा नाही. आठाच्या पुढे कॉम्प्रेशन नेलंत, तर या इंजिनांना आधुनिक गाडीपेक्षा जास्त जपावं लागतं. लांब स्ट्रोक, मोठा बोअर आणि संथ चाल. मिनिटाला 1,450 फेऱ्यांवर कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला वेळच वेळ मिळतो. तिथं जास्त ऑक्टेन हवंच. मिनियापोलिस-मोलीननं 1941 मध्येच कारखान्यातून प्रोपेन गॅसवर चालणारे ट्रॅक्टर काढले, कारण प्रोपेनला बराच दाब सोसतो. कॉम्प्रेशन वाढवण्याला मर्यादाही आहे. कागदावरच्या सूत्रानं साडेपाचावरून साडेसातला गेलात तर ताकद साधारण बारा टक्के वाढते, साडेसातावरून नऊला जाऊन त्याच्या जेमतेम निम्मी. डोकेदुखी मात्र दुप्पट.

आयोवा मक्याचा मुलूख, तेव्हा इथेनॉलची गोष्ट निघतेच. त्याचं ऑक्टेन उत्तम, आणि ते उडताना इतकं गार करतं की चालू इंजिनाचा आत येणारा पाइप हाताला थंड लागतो. पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे इंधन सोडणारं भोक, मोठं न करता भरलं की मिश्रणात इंधन कमी पडतं, कार्बोरेटर खोकतो आणि व्हॉल्व्ह जळतो. काही जुन्या कार्बोरेटरांत इंधनाची पातळी राखणारा, तरंगणारा बुचाचा फ्लोट असतो, त्यावर लाखेचा हात दिलेला. लाख स्पिरिटात विरघळते हे आपल्या कुठल्याही पॉलिशवाल्याला ठाऊक आहे. बूच उघडं पडून तेल पितं, जड होतं आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. वीस टक्के इथेनॉलच्या आपल्या पेट्रोलवर जुनी गाडी चालवणाऱ्यांनी फ्लोट, रबरी नळ्या आणि वायसर एकदा उघडून पाहाव्यात. ऑक्टेनची काळजी करू नये, ते त्यात भरपूर आहे.

आणखी एक. ‘तिकडचं साधं पेट्रोल 87चं, आपलं 91चं, म्हणजे आपलं सरस’ असं लेखात म्हटलंय. तसं नाही. तिकडे दोन पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची सरासरी पंपावर लिहितात, आपण त्यातला मोठा आकडा लिहितो. त्यांचं 87 आपल्या पद्धतीनं 91च्या आसपासच येतं.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, तासगाव, जि. सांगली

ता. क. लेखातल्या फोटोखाली ‘जॉन डिअर’ छापलंय. तो लाल आहे, पुढची दोन चाकं जवळजवळ आहेत आणि नाकावर फारमॉल लिहिलेलं भिंगातून दिसतं. जॉन डिअर हिरवा असतो. आयोवात ही चूक केली असती तर म्हातारबांनी कणसं दिली नसती.