तुमच्याच काट्याने पकडलेला बनावट माल आणि तुम्ही बंद केलेली तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय: 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर क्षमतेच्या ड्रिल-मशीनच्या दोन बॅटऱ्या आणि लोखंड कापण्या-घासण्याचा 100 मिमीचा एक ग्राइंडर. तिन्ही नग बनावट. पैसे परत करणे व विक्रेत्याचा माल तुमच्या ॲपच्या पानावरून काढणे याबाबत.

काल संध्याकाळी सातवा फोन झाला आणि रात्री मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ कुणाचं झालं तेवढं कळवा. माल इथे रबाळ्यात टेबलावर पडलाय आणि पैसे तुमच्याकडे आहेत.

तुम्ही पॉवर टूल्स विकता, म्हणजे 18 व्होल्टची बॅटरी आतून कशी असते हे तुमच्याकडे वर बसलेल्यांना माहीत असणार, असं धरून लिहितो. 3.6 व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडले की 18 व्होल्ट होतात. 5 अँपिअर-अवर हवे असतील तर 2.5 च्या सेलच्या अशा दोन ओळी लागतात, म्हणजे दहा सेल. 18650 मापाचा एक सेल साधारण 45 ग्रॅमचा. दहांचे साडेचारशे, वर कव्हर, पट्ट्या आणि सर्किट. तुमच्या पानावर बॅटरीचं वजन 620 ग्रॅम दिलंय, ते पटण्यासारखं आहे. माझ्याकडे आलेली एक बॅटरी 342 ग्रॅम भरते, दुसरी 344. पाच सेल आणि प्लास्टिक, हिशोब बरोबर जमतो. जाड 21700 सेल असतील, पाचातच भागलं असेल, असं कुणी सुचवेल. तो सेल 70 ग्रॅमच्या आसपास असतो. नुसत्या सेलचेच साडेतीनशे होतात, मग कव्हर काय हवेचं आहे?

तिसऱ्या फोनवर सल्ला मिळाला की मीटर लावून व्होल्टेज बघा. बघितलं. फुल चार्जला 20.8. अस्सल बॅटरीही जवळपास तेवढंच दाखवते, कारण तिच्यातही ओळ पाचाचीच असते. व्होल्टेजवरून नकली बॅटरी पकडता येत नाही, ती वजनावर आणि लोडवर पकडली जाते. (तुमच्याच ॲपवर ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’, ‘128 व्हीएफ’ असे आकडे छापलेली ड्रिल मशीन बघा. त्यांच्या बॅटरीतही बहुतेक वेळा हेच पाच सेल निघतात. आकडा छापायला शाई लागते, सेल लागत नाही.) 2 अँपिअरचा लोड लावून 15 व्होल्टपर्यंत उतरवली तर 44 मिनिटांत संपली. क्षमता निघाली 1.47 अँपिअर-अवर. 5 ची बॅटरी याच लोडवर अडीच तास जायला हवी.

खरा धोका पुढे आहे. बॅटरीवर प्लस-मायनसखेरीज एक टर्मिनल तापमानाचा असतो. त्याच्यावरून चार्जर ओळखतो की बॅटरी तापलीय, आता थांबावं. आतला थर्मिस्टर बॅटरी तापेल तसा रेझिस्टन्स कमी दाखवतो. या दोन्ही बॅटऱ्यांवर सकाळी एसीच्या खोलीत 10.0 किलो-ओहम आले आणि दुपारी पत्र्याच्या शेडखाली, हाताला गरम लागत असतानाही 10.0 च. म्हणजे थर्मिस्टरच्या जागी साधा रेझिस्टर टाकलाय. बॅटरी कितीही तापली तरी चार्जरला ती 25 अंशांवरच वाटणार आणि तो करंट देत राहणार. ही वस्तू लोक रात्री चार्जिंगला लावून झोपतात.

यातलं काहीही करायला एकही स्क्रू काढलेला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘उघडलेला माल परत घेतला जात नाही’ हे वाक्य मी चार वेळा ऐकलंय.

आता कालचा फोन. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, ‘गुणवत्तेसाठी’ करता ना? जरूर ऐका. दोन्ही बॅटऱ्यांवर सिरीयल नंबर एकच आहे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. मी तो तुमच्या प्रतिनिधीला दोनदा वाचून दाखवला.

“सर, दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या आहेत ना?”

“हो.”

“मग नंबर सारखाच येणार ना, सर.”

मी म्हटलं, तो मॉडेल नंबर. तो सारखाच असतो. सिरीयल नंबर प्रत्येक नगाचा वेगळा, जसा एका घरातल्या दोन माणसांचा आधार नंबर वेगळा. त्यावर ‘एक मिनिट होल्ड करा’ झालं. चार मिनिटं तुमची ती धून ऐकली. मग परत आल्या.

“सर, मी टीमशी बोलले. तुम्ही एका बॅटरीवर मार्करने खूण करून ठेवू शकता. म्हणजे दोन्हींत गोंधळ होणार नाही.”

मला काही बोलायला सुचेना. तेवढ्यात, “आणखी काही मदत करू शकते का, सर?” आणि फोन ठेवल्यावर दहा सेकंदांत मेसेज: आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

त्या मुलीला बोल लावत नाही. तिच्यासमोर जो कागद ठेवलाय त्यात सिरीयल नंबर म्हणजे काय हे लिहिलेलं नाही, आणि तो कागद तुम्ही लिहिलाय. आणि ती टीम कुठली, जिने मार्कर सुचवला?

त्याआधी पाचव्या फोनवर सांगितलं गेलं, ‘माल बनावट असल्याचं कंपनीचं पत्र आणा.’ मशीनवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर नंबर टाकून बघितला आणि तोंडी सांगितलं की हा आमचा नाही. लेखी मागितलं तर म्हणे, जी वस्तू आमची नाही तिच्याबद्दल आम्ही पत्र कसं देणार? त्यांचंही एका अर्थी बरोबरच आहे. पण मग तुम्ही मागता ते पत्र या भूतलावर कोण देतं?

ग्राइंडरबद्दल थोडक्यात. पानावर 1.8 किलो, प्रत्यक्षात 1.32. पानावरच्या फोटोत प्लग वायरसोबत अखंड मोल्ड केलेला आहे, हातात आला तो स्क्रूने बसवलेला. वायरवर जाडी, कोअर, आयएसआय, काहीही छापलेलं नाही. प्लगपाशी दिसणारी तार ब्लेडने हलकी खरवडली तर आतून पांढरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून तेवढ्याच करंटला तार जास्त तापते. मोटरच्या वाइंडिंगमध्येही तेच भरलं असेल तर वजन का कमी याचं उत्तर मिळतं. पानावर ‘ऑटो कट-ऑफ ब्रश’ लिहिलंय, म्हणजे झिजला की मशीन आपोआप बंद करणारा. बाहेरच्या कॅप फिरवून ब्रश काढले, तर साधा कार्बनचा तुकडा आणि स्प्रिंग. व्हीलवरचा गार्ड अंगठ्याने दाबला की वाकतो. 11,000 आरपीएमला 100 मिमीच्या व्हीलची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर धावते. व्हील फुटलं तर मध्ये हाच पत्रा आहे.

स्पेलिंगच्या चुका शोधा, असा सल्ला तुमच्या ‘सुरक्षित खरेदी’ पानावर आहे. तो बदला. या खोक्यावर एकही चूक नाही, छपाई सुरेख आहे. नाही ते एवढंच: आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष. पॅक केलेल्या मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बिलावर एचएसएन कोड (करासाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा) 9503 टाकलाय. पॉवर टूल्सचा 8467, बॅटरीचा 8507. 9503 म्हणजे खेळणी. निदान बिल तरी खरं बोललं.

आणि ज्या 4.3 ताऱ्यांवर विश्वास ठेवून ऑर्डर दिली, ते तारे पानाचे आहेत, विक्रेत्याचे नाहीत. एकाच पानावर पाच विक्रेते बसवायचे, अस्सल माल घेतलेल्यांची वाहवा सगळ्यांच्या डोक्यावर लावायची आणि जो सर्वांत स्वस्त त्याचं नाव ‘विक्रेता’ म्हणून बारीक अक्षरात खाली टाकायचं, ही रचना तुमची आहे. तिला चूक म्हणत नाही, कारण चूक नकळत होते.

वजनाचं पुन्हा सांगतो, कारण ते कुणीच ऐकून घेतलेलं नाही. पार्सलच्या लेबलवर तुमच्याच गोदामाने 2.31 किलो छापलंय, पुठ्ठ्यासकट. तुमच्याच पानाप्रमाणे या तीन नगांचं निव्वळ वजन 3.04 किलो. खोक्यासह पार्सल आतल्या मालापेक्षा पाऊण किलोने हलकं! दोन्ही आकडे तुमच्याच कॉम्प्युटरवर आहेत. वजाबाकी मला करावी लागली.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पहिल्या लेखी तक्रारीला आज 19 दिवस झाले, पोच नाही. उरलेले दिवस तुमचे. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून हात झटकू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगाराला घेतलेला माल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचाच धरतात. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 104 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. विक्रेत्याचा पत्ता पोलीस तुमच्याकडेच मागतील.

सहा वर्षं हत्यारं तुमच्याकडून घेतोय. स्टेशनबाहेरचा दुकानदारसुद्धा आधी विचारतो, ओरिजिनल देऊ की कॉपी? तुम्ही तेवढंही विचारलं नाहीत.

तिन्ही नग, खोकी आणि लेबल जसंच्या तसं ठेवलंय. पिकअपला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्यासोबत वजनकाटा द्या, आणि पावतीवर वजन लिहूनच माल न्यायला सांगा. मार्कर माझ्याकडे आहे.

एक ग्राहक
रबाळे, नवी मुंबई