टेंपीच्या अपघाताला नुसती ‘मानवी चूक’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरत्या २०२३ सालाचा आढावा घेणाऱ्या आपल्या पुरवणीत ग्रीसच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या. एक ऱ्होड्स बेटावरचा वणवा, दुसरी पंतप्रधान मित्सोताकिस यांचा निवडणुकीतला विजय. पण ग्रीक माणसाला हे वर्ष कसे गेले असे विचारले, तर तो आधी टेंपीच्या रेल्वे अपघाताचे नाव घेईल. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य घालवलेला वाचक म्हणून त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

२८ फेब्रुवारीच्या रात्री अथेन्सहून थेसालोनिकीला निघालेली, सुमारे साडेतीनशे प्रवाशांची गाडी टेंपीच्या खोऱ्याजवळ समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. ५७ माणसे गेली. जोडून आलेली सणाची सुट्टी संपवून कॉलेजला परतणारी पोरेपोरी त्यांत बरीच होती. लारिसा स्टेशनातून गाडी सुटताना पॉइंट, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर वळवणारा सांधा, चुकीचा लागलेला राहिला आणि गाडी उलट दिशेच्या लाइनवर गेली. पुढची सुमारे बारा मिनिटे दोन्ही गाड्या एकाच रुळावर समोरासमोर धावत होत्या.

बारा मिनिटे हा आमच्या कामात फार मोठा वेळ आहे. सेक्शनमध्ये, म्हणजे मार्गाच्या ठरावीक पट्ट्यात, गाडी असली की रुळांवरची ट्रॅक सर्किट किंवा अ‍ॅक्सल काउंटर ही यंत्रणा ती ओळखते, स्टेशनातल्या पॅनेलवर लाल पट्टी उमटते, आणि स्टेशन मास्तरने कितीही बटणे दाबली तरी दुसऱ्या गाडीला सिग्नल मिळत नाही. माणूस थकतो, नवखा असतो, गडबडतो, हे धरूनच इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधून ठेवण्याची व्यवस्था, केलेली असते. लारिसाच्या पुढच्या पट्ट्यात ही यंत्रणा चालू नव्हती. गाडी सुटली ती मास्तरने रेडिओवरून दिलेल्या शब्दावर. सिग्नल आणि दूरनियंत्रणाचे ‘७१७’ क्रमांकाचे कंत्राट २०१४ मध्ये दिलेले, मुदत दोन वर्षांची, आणि अपघात झाला तेव्हाही काम अर्धवटच! फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच रेल्वे कामगारांच्या संघटनेने धोक्याचा लेखी इशारा दिला होता. मास्तरला मात्र दुसऱ्याच दिवशी अटक झाली.

पंतप्रधानांनीही आधी मुख्यतः मानवी चुकीवरच बोट ठेवले. लोकांनी ते चालू दिले नाही. अथेन्सच्या सिंडाग्मा चौकात विद्यार्थ्यांनी काळे फुगे सोडले, मार्चमध्ये देशभर संप झाले. मोर्च्यांतल्या फलकांवर एवढेच लिहिलेले असे: ‘पोचलीस की फोन कर’. शेवटी मित्सोताकिस यांना जाहीर माफी मागावी लागली आणि मानवी चुकीच्या आड लपता येणार नाही, हेही कबूल करावे लागले.

मे आणि जूनच्या दोन्ही निवडणुकांत त्यांच्या पक्षाला ४० टक्क्यांवर मते मिळाली, अपघातानंतर राजीनामा दिलेले वाहतूकमंत्री करामानलिसही मे महिन्यात पुन्हा निवडून आले. म्हणून लोक विसरले, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. समोर सिरिझा हा मुख्य विरोधी पक्षच ढासळलेला होता. त्याचे नेते त्सिप्रास यांनी जूनअखेर पक्षाचे नेतृत्व सोडले. लोकांनी स्थैर्याला मत दिले असेल, रेल्वेच्या कारभाराला नव्हे. डिसेंबरमध्ये युरोपीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने याच ७१७ कंत्राटाबद्दल २३ जणांवर आरोप ठेवले, त्यांत १८ सरकारी अधिकारी आहेत.

वर्षातले बाकीचे आघातही थोडे नव्हते. १४ जूनला ग्रीसच्या किनाऱ्यावरील पिलोसजवळ लिबियाहून निघालेली, स्थलांतरितांनी भरलेली मासेमारीची बोट बुडाली. सातशेच्या वर माणसे तिच्यावर असावीत असा अंदाज आहे, वाचली १०४. तटरक्षक दलाचे जहाज जवळ असताना हे घडले. ऑगस्टमध्ये ईशान्य ग्रीसमधले एव्रोसचे जंगल पेटले, युरोपीय संघात नोंदलेला हा सर्वांत मोठा वणवा. सप्टेंबरात डॅनियल वादळाने थेसलीचे मैदान, म्हणजे त्याच लारिसाचा परिसर, पाण्याखाली घातला आणि तोच लोहमार्ग ठिकठिकाणी उखडला गेला.

आपल्याकडे २ जूनला ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला आणि २९० हून अधिक प्रवासी दगावले. मेन लाइनचा सिग्नल हिरवा आणि पॉइंट मात्र लूप लाइनला, म्हणजे गाडी बाजूला उभी करण्याच्या रुळाला, लागलेला, हे कसे घडले याचे उत्तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटच्या कामातल्या त्रुटींपर्यंत पोचले. तीन कर्मचाऱ्यांना अटक झाल्याची बातमी वाचली. पुढे वर्तमानपत्रांत विषय मागे पडला.

माझी विनंती अशी. येत्या २८ फेब्रुवारीला टेंपीला वर्ष होईल, तेव्हा आपल्या अंकात अर्धे पान त्यासाठी राखावे. कंत्राट कोणी रखडवले, चौकशी कुठवर आली, मेलेल्यांच्या घरच्यांना काय उत्तर मिळाले, एवढे तरी त्यात यावे. बालासोरबद्दलही हेच तीन प्रश्न रेल्वे मंत्रालयाला विचारून त्याची उत्तरे शेजारी छापावीत.

आपला,
सिग्नल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ