गृहपाठ फोनवरून येतो

शिरूर कासार तालुका, जि. बीड
जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या शाळेत गृहपाठ मोबाइलवर येतो आणि पोरांच्या आया तो एकमेकींना विचारून पूर्ण करतात, हे वाचून हसलो. गड्या, आमच्या गावात आया आहेत कुठं? दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत वर्गातली निम्मी पोरं आज्या-आजोबांच्या जिवावर किंवा हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर.

कालचा दिवस सांगतो. आमचे दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, म्हणजे पहिली ते चौथी एका खोलीत आणि मी एकटा. परिपाठ झाला, हजेरी ऑनलाइन भरायची तर रेंज नाही, म्हणून चिंचेखाली जाऊन भरून आलो. तोवर पहिलीवाल्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून ठेवलेले. दुसरीला वाचनाला बसवलं आणि तिसरी-चौथीला फळ्यावर गणित दिलं: ४०२ वजा १७८.

तिसरीतल्या एकानं झटक्यात ३७६ लिहून आणलं. तू शिकवतोस, तुला लगेच कळेल. चारातून एक गेला तीन. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन. जे मोठं त्यातून लहान काढायचं, हा त्याचा कायदा. 'चूक' म्हणून त्याच्या हाती काय लागणार? गणितपेटीतल्या खोट्या नोटा काढल्या. शंभराच्या चार आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात दिली. म्हटलं, मी दुकानदार, माझे १७८ रुपये दे. त्यानं हातातल्या पैशांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, शंभराची मोडावी लागंल." मोडली. दहाच्या दहा नोटा आल्या, त्यातली एक पुन्हा मोडून नाणी केली. उरले २२४. त्यानं ते दोनदा मोजले, माझ्यावर विश्वास नव्हता बहुतेक.

मग खिचडी, भांडी, भांडणं. ते सोड.

खरी गंमत दुपारनंतरची. पूर्वी मीही 'धडा पाच वेळा लिहून आणा' असाच गृहपाठ द्यायचो. आजीला वाचता येत नाही, पण पान भरलंय की नाही हे तिला बरोबर कळतं. पोरं पानं भरायची आणि धड्यातलं एक वाक्य विचारलं तर गप्प. घरात सांगणारं कुणी नसताना असल्या गृहपाठाला काय अर्थ? म्हणून यंदा घरच्यांना ज्याचं उत्तर ठाऊक आहे, तेच विचारून आणायला सांगतो. ज्यांचे आईबाप उसाच्या फडात आहेत, त्यांनी रात्री फोन आला की विचारायचं, आज किती टन ऊस तोडला? बाकीच्यांनी घरी विचारायचं, किती लिटर दूध घातलं, कापूस किती किलो निघाला. चौथीचं निम्मं गणित त्यावरच चालतं.

चौथीतल्या एका पोरीनं काल लिहून आणलं होतं: परवा दोन टन, काल ऊस पडलेला होता म्हणून दीडच. २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, हे पोरांना पाठ आहे. मुख्यमंत्र्यांचं नाव विचारलं तर अडतात. दोन टनांचे ७३२ सगळ्यांना आले. दीड टनाला वर्ग थांबला. ती म्हणाली, "एकाचे ३६६ आन् अर्ध्याचे १८३." ५४९. कुणी शिकवलं? तर म्हणे बापानं फोनवर हिशेब करून दाखवला. दिवसभर कोयता चालवून आलेला माणूस रिचार्ज संपेस्तोवर लेकीला दीडपट समजावत होता!

तेवढ्यावर थांबलो असतो, पण ती म्हणाली, "उचलीतून वजा करायचं का?" उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, ते मजुरीतून फेडायचे. उचल किती? लाख. मला काही सुचेना. नाही म्हणावं तर ती घरी करणारच होती. लिही म्हटलं. तिनं फळ्यावर १,००,००० लिहिले आणि खाली ५४९. एवढे शून्य पाहून चौथी गारच. तेव्हा मागून सकाळचा तो ३७६ वाला ओरडला, "आता समद्याच नोटा मोडाव्या लागत्यात!" आणि पुढं येऊन तिच्याबरोबर एकेक शून्य मोडत ९९,४५१ वर आला.

रात्री विचार करत होतो. टन विचारणं ठीक, पण कुणाच्या घरचं देणं फळ्यावर यावं का? कुणाची उचल जास्त, कुणाची कमी, पोरं चिडवायला कमी करत नाहीत. तेव्हा ठरवलंय, उचलीचं मी होऊन विचारणार नाही. कुणी आपणहून आणलं तर त्याच्या वहीत, माझ्याजवळ बसून करायचं. तुला काय वाटतं ते मोकळेपणानं लिही. आणि तुमच्याकडं अपूर्णांकाच्या पट्ट्या जास्तीच्या असतील तर पाठव. आमच्या पेटीतल्या पट्ट्या उंदरांनी खाल्ल्या. दीड झालं, आता पाऊण आणि सव्वा घ्यायचेत.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
(नाव कशाला, अक्षरावरून ओळखशीलच)