परतीचा प्रवास, उशीर आणि जवानाची रजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई किंवा दिवाळी आटोपून सुट्टीवरचा जवान पलटणीकडे निघतो, तेव्हा घरचे लोक त्याच्या परतीचा हिशेब गाडीच्या वेळापत्रकावरून करतात. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री, पुढे जम्मूहून एक दिवस, म्हणजे रजा संपायच्या तीन दिवस आधी निघाला की पुरे. या हिशेबात जम्मूच्या पुढचा रस्ता धरलेलाच नसतो. घरी येताना उशीर झाला तर जवानाचे दोन दिवस बुडतात. परत जाताना झाला तर प्रकरण कायद्यापर्यंत जाते.

लष्करी कायदा, १९५० च्या कलम ३९ नुसार पुरेशा कारणाशिवाय रजेहून उशिरा परतणे हा गुन्हा आहे आणि कोर्ट मार्शलमध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एरवी प्रकरण कमांडिंग ऑफिसरसमोरच मिटते, पण गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो आणि सेवापुस्तिकेतली लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, नोंद पुढे बढतीच्या वेळी आडवी येते. ३० दिवस उलटले तर कलम १०६ खाली चौकशी बसते. कलमातले ‘पुरेशा कारणाशिवाय’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गाडी रद्द झाली, दरड कोसळली, विमान उडाले नाही, ही पुरेशी कारणेच आहेत. फक्त ती कागदावर दाखवता आली पाहिजेत, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

उशीर कुठे होतो हे बऱ्याच अंशी आधी कळण्यासारखे आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, अंबाला, लुधियाना या पट्ट्यात धुके असते. लोको पायलटला सिग्नल दिसत नाही म्हणून वेग उतरवावा लागतो आणि काही गाड्या तर धुक्याच्या हंगामापुरत्या आधीच रद्द केलेल्या असतात. जम्मू-श्रीनगर महामार्गावर बोगदे झाले तरी रामबन-बनिहालचा उतार पावसात आणि बर्फात ढासळतोच. जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने मोठी सोय झाली. पण त्याच वर्षी ऑगस्टअखेर जम्मू भागात पूर आला तेव्हा महामार्ग बंद होता आणि जम्मूकडच्या अनेक गाड्याही रद्द होत्या. ईशान्येकडे जाणाऱ्यांनी सिलीगुडी-गंगटोक रस्ता आणि लुमडिंगपुढचा डोंगरी रेल्वेमार्ग पावसाळ्यात कधीही बंद पडू शकतो असे धरूनच चालावे.

लडाखची गोष्ट वेगळी आहे. झोजिलाची खिंड हिवाळ्यात बंद झाली की मुख्य भिस्त विमानावर. लेहची धावपट्टी दहा हजार फुटांहून उंच आहे. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला पुरेसा भार घेऊन उडता येत नाही, म्हणून उड्डाणे मुख्यतः सकाळचीच. सकाळ ढगात गेली की तो दिवस गेला. असे सलग दोन-तीन दिवस झाले की चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये, म्हणजे जवानांच्या वाटेतल्या मुक्कामाच्या तळावर, माणसे साचतात आणि हवामान उघडल्यावरही लगेच नंबर लागत नाही. वर पोचल्यावरही माणूस लगेच चौकीवर चढत नाही. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्या वर पुन्हा चार, असे शरीर उंचीला सरावावे लागते आणि लांब रजेनंतर हे पुन्हा करावे लागते. खालचा माणूस चार दिवस उशिरा पोचला तर वरच्याची सुट्टीही चार दिवस पुढे ढकलली जाते. त्याच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असते.

साचलेल्या माणसांचा धोका किती मोठा असतो, हे १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात दिसले. बर्फामुळे महामार्ग आधी बंद होता, म्हणून त्या दिवशीच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यात ७८ वाहने आणि अडीच हजारांवर जवान होते. त्यांत रजेवरून परतणारे बरेच होते. ताफ्यावरच्या आत्मघाती हल्ल्यात ४० जवान हुतात्मा झाले. त्यानंतर आठवड्याभरात गृह मंत्रालयाने निमलष्करी दलांच्या सर्व जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानप्रवास मंजूर केला, रजेच्या प्रवासासाठीही. हे आधीच व्हायला हवे होते.

आता कागदांबद्दल. गाडी रखडली किंवा रद्द झाली की तिथल्या स्टेशन मास्तरकडून गाडी क्रमांक, तारीख आणि किती तास उशीर हे लिहिलेला शिक्क्याचा दाखला घ्यावा. मुंबई, पुणे, दिल्ली, जम्मू अशा मोठ्या स्थानकांवर लष्कराचे एमसीओ, म्हणजे जवानांच्या प्रवासाची व्यवस्था पाहणारे, कार्यालय असते. तिथे लिव्ह सर्टिफिकेटवर तारखेसह नोंद करून घ्यावी आणि पुढच्या गाडीत डिफेन्स कोट्यातून बर्थ मागावा. तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि त्या गाडीने प्रवास केला नाही तर पूर्ण परतावा मिळतो, पण जवानाला पैशापेक्षा जागा हवी असते. विमान कंपनीच्या काउंटरवरूनही उशिराचा दाखला मिळतो. आजारी पडल्यास जवळचे लष्करी रुग्णालय गाठावे आणि ते दूर असेल तर सरकारी रुग्णालयाचे कागद घ्यावेत. या सगळ्याआधी पलटणीला फोन करावा, आणि तोही रजा संपायच्या आत. मुदत उलटल्यावर केलेल्या फोनने तेवढा फरक पडत नाही.

या फोनचीच एक अडचण आहे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, म्हणजे पंजाबच्या हद्दीवरचे लखनपूर ओलांडले की फोन मुका. पलटणीला कळवणे राहिले बाजूला, गाडी रद्द झाल्याचा संदेशही मिळत नाही. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी आणि ओटीपी लागतो. तो येतो याच बंद नंबरवर. घरून निघण्यापूर्वी नंबर पोस्टपेड करून घ्यावा आणि पलटणीचे, एमसीओचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

रेल्वेकडे दोन मागण्या आहेत. ओळखपत्र आणि लिव्ह सर्टिफिकेट दाखवणाऱ्या जवानाला उशिराचा दाखला कोणत्याही स्थानकावर विनाचौकशी, तिथल्या तिथे मिळावा. गाडीची खरी वेळ रेल्वेच्या संगणकात असतेच. आणि ओटीपी मिळू न शकणाऱ्या जवानांसाठी सरकारी प्रवासाचे वॉरंट दाखवून खिडकीवर तत्काळ तिकीट काढण्याची सोय व्हावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी दाखल्यांची ही माहिती मराठीत एका पानावर छापून गावोगावी पाठवावी. घरच्यांना विनंती एवढीच, की जम्मूपलीकडे जाणाऱ्याचे परतीचे तिकीट उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात किमान चार जादा दिवस हाताशी ठेवून काढू द्या. पूजा, साखरपुडा किंवा वास्तुशांत रजेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सातारा