पिशवीला १२० मायक्रॉन, वावरातल्या पेपरला काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाजाराच्या दिवशी पथक येते, भाजीवाल्या बायांच्या पातळ पिशव्या जप्त होतात, पाच हजारांची पावती फाटते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे त्याची बातमी येते. या कारवाईला माझा विरोध नाही. राज्याने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली, तिच्यात पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद ठरवली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ बंद केले, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला मनाई केली. हे सगळे हवेच होते. पण खान्देशात चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा असे तालुके फिरून पाहिले तर बांधावर, चारीत, नाल्यात आणि बाभळींवर जे प्लास्टिक दिसते त्यात कॅरीबॅग थोडी. जास्त असतो तो टरबूज, मिरची, पपईच्या बेडवर (गादीवाफ्यावर) अंथरलेला मल्चिंग पेपर. नाव पेपर असले तरी ती प्लास्टिकची पातळ फिल्म असते. केळीच्या घडाला घातलेल्या पिशव्या आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्याही त्यात असतात. या प्लास्टिकची जप्ती झाल्याची बातमी मी कधी वाचलेली नाही. जप्ती व्हावी असेही माझे म्हणणे नाही. ते परत घ्यायला कुणीतरी असावे, एवढेच मागणे आहे.

थोडा हिशोब मांडतो. चार फूट रुंद, ४०० मीटर लांब आणि २५ मायक्रॉन जाड पेपरचा एक बंडल साधारण ११ किलो भरतो. दोन बेडमध्ये सहा फूट अंतर धरले तर एकराला पाच-सहा बंडल लागतात, म्हणजे साठ किलोच्या आसपास प्लास्टिक. पाच ग्रॅमची एक पिशवी धरली तर एका एकरात बारा हजार पिशव्यांइतके प्लास्टिक पसरते, तेही तीन-चार महिन्यांच्या पिकासाठी.

जाडीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅरीबॅग जाड का करायला लावली? पातळ पिशवी एकदा वापरून फेकली जाते, उडते, गटारात अडकते, आणि वेचणाऱ्याला ती उचलणे परवडत नाही. हे कारण बरोबर आहे. मग तेच कारण वावरात का लागू होत नाही? २५ मायक्रॉनचा पेपर वैशाखाच्या उन्हात तापतो, वेल काढताना फाटतो, आणि ओढायला गेले की हातात चिंध्या येतात. एकरभर पेपर नीट गोळा करायला मजुरांचे रोज मोजावे लागतात, आणि टरबुजाचा भाव पडला असेल त्या साली तो खर्च कुणीच करत नाही. मग रोटाव्हेटर फिरतो आणि उरलेल्या पेपरचे तुकडे मातीत मिसळतात. पुढच्या हंगामात नवा पेपर, पुन्हा तुकडे.

पीक निघाल्यावर आमच्याकडे ठेलारी मेंढपाळ बांधवांच्या मेंढ्या वावरात बसवतात. लेंडीखत मिळते, मेंढ्यांना पाला मिळतो. त्या पाल्याबरोबर पेपरचे तुकडेही पोटात जातात. पुढे त्याच रानात कापूस लावला तर वेचणीत बोंडाला चिकटलेली चिंधी येते. जिनिंगवाले प्लास्टिक मिसळलेल्या कापसाला नावे ठेवतात ते उगाच नाही, कारण रुईत प्लास्टिकचा धागा गेला की त्याला रंग धरत नाही.

मल्चिंग बंद करा असे मी म्हणणार नाही. मी स्वतः ते वापरतो. पाणी वाचते, निंदणी वाचते, फळ मातीला टेकत नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून निम्मे अनुदान ठेवले गेले, त्यामुळे लहान शेतकऱ्यालाही ते जमू लागले. पण सरकारने पेपर अंथरायला पैसे दिले आणि उचलायला एक पैसाही ठेवला नाही, ही उणीव सरकारनेच भरून काढायला हवी.

कायद्यात नेमके कुठे अडते तेही लिहितो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ग्रामपंचायतीवर वेगळी जबाबदारी टाकली आहे. कचरा वेगळा करणे, गोळा करणे आणि पुनर्वापर करणाऱ्याकडे पोचवणे हे तिचे काम. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे आली. ज्याने प्लास्टिक बाजारात आणले त्यानेच ते परत गोळा होण्याची तजवीज करावी, हे त्यांचे सूत्र. पण ती तत्त्वे वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी आहेत. खताची गोणी त्यात बसते, औषधाची बाटली बसते. मल्चिंग पेपर मात्र वेष्टन नव्हे, तो स्वतःच विकलेला माल. त्यामुळे तो बनवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, आणि सगळा भार येऊन पडतो ग्रामपंचायतीवर, जिच्याकडे बहुतेक गावांत घंटागाडीसुद्धा रोज फिरत नाही.

औषधाच्या बाटलीचे तर दोन नियम दोन दिशांना ओढतात. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की रिकामी बाटली फोडून वस्तीपासून लांब पुरावी. २०२२ ची तत्त्वे कंपनीला ती गोळा करायला सांगतात. पुरलेली बाटली गोळा कशी होणार? शिवाय कंपनीला पुनर्वापराची प्रमाणपत्रे देशात कुठूनही विकत घेता येतात. दूरच्या शहरातले प्लास्टिक तिच्या खात्यावर जमा झाले की तिचे उद्दिष्ट पूर्ण होते, आणि आमच्या विहिरीजवळची बाटली तिथेच राहते.

शेतकऱ्याला शिस्त नाही, असे शहरातले काही लोक म्हणतात. त्यांनी ठिबकच्या नळ्यांकडे पाहावे. जुन्या लॅटरल नळ्या एकाही बांधावर पडून राहत नाहीत, कारण भंगारवाला वजनावर पैसे देऊन घेऊन जातो. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कितीतरी कारखाने जुन्या प्लास्टिकच्या दाण्यावर चालतात. प्लास्टिक वितळवून पुन्हा कामाला लावण्याची विद्या आपल्या जिल्ह्यात आहे, कारागीर आहेत, बाजार आहे. मल्चिंग पेपर तेवढा मातीने माखलेला असतो, धुवायचा खर्च येतो, म्हणून त्याला भाव नाही. भाव नाही म्हणून तो जाळला जातो. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये भरपाई घेण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे, पण संध्याकाळी बांधावरून उठणारा तो काळा धूर थांबलेला नाही. पेपर द्यायला दुसरी जागाच नसेल तर दंडाने तो कसा थांबणार?

'आपोआप विरघळणारा पेपर' म्हणूनही काही माल विकला जातो. घेणाऱ्याने सावध राहावे. उन्हाने भुगा होणे वेगळे आणि मातीत खरेच कुजणे वेगळे. केंद्राने मार्च २०२४ च्या दुरुस्तीत सूक्ष्म प्लास्टिक मागे न ठेवणाऱ्या मालालाच जैवविघटनशील म्हणायचे ठरवले आहे. ती कसोटी दुकानातल्या मालाला कोण लावते, हे कृषी विभागाने जाहीर करावे.

माझी मागणी कृषी विभाग आणि जिल्हा परिषद या दोघांकडे आहे. अनुदानाच्या पेपरची किमान जाडी पिकाच्या कालावधीनुसार ठरवावी आणि ती तपासावी. कॅरीबॅगवर जसे उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापावी लागते तसे पेपरच्या कडेवरही छापायला लावावे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत निधीची तरतूद केली आहे. त्या केंद्रात शेतातला पेपर घेण्याची सोय करावी आणि हंगाम संपताना बाजार समितीच्या आवारात एक गाडी उभी करावी. मल्चिंग पेपर उत्पादक जबाबदारीच्या कक्षेत आणण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा.

आणि शेतकऱ्याने पेपर परत आणावा म्हणून त्यात त्याचे पैसे अडकलेले असू द्यावेत. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. कल्पना चांगली होती, पण आमच्या गावात कुणाच्या हातावर ते पैसे पडलेले मी पाहिले नाहीत, कारण ते द्यायचे कुणी हे दुकानापर्यंत पोचलेच नाही. मल्चिंगमध्ये ती अडचण नाही, पैसे सरकारच देते. अनुदानातले हेक्टरी दोन हजार मागे ठेवावेत आणि जुना पेपर केंद्रावर जमा केल्याची पावती दाखवली की ते खात्यावर टाकावेत. अनुदानासाठी सातबारा, आठ-अ, पासबुक, बिल असे सगळे कागद आम्ही देतोच, ही पावतीही देऊ.

आपला,
एक शेतकरी वाचक
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव